दगड चालायला लागतात तेव्हा

आमच्या घरात सिनेमा भिंतीवर होता आणि कादंबरी चुलीत गेली.

भिंतीवर म्हणजे सिनेमाचं पोस्टर. पांढरा घोडा पाण्यातून वर येतोय, स्वाराच्या मांडीखाली बकऱ्याचं मुंडकं उडवलेलं धड, दातांत चाबूक, एक डोळा रक्ताने मिटलेला. खाली ठळक अक्षरांत ‘झिंदीसूचा उतार’. झिंदीसू ही आमची नदी आणि उतार म्हणजे ती घोड्यावरून ओलांडायची जागा. त्या स्वाराचं सिनेमातलं नाव एर्मेक, पण आमच्या ताशझारमध्ये त्याला कुणी एर्मेक म्हणत नाही. तो बोरोन्चू, माझ्या वडिलांचा आजोबा. लेखकाने त्याच्यावरूनच गोष्ट लिहिली, हे सगळ्या खोऱ्याला माहीत आहे. घरी पाहुणा आला की आके, म्हणजे माझे वडील जुमाकादिर, आधी ते पोस्टर दाखवतात आणि मग चहा पाजतात.

कादंबरीचं नावही तेच. ती शाळेत आम्हाला अभ्यासाला होती, पण तो धडा आला की ताशझारच्या शाळेत पडदे ओढून सिनेमा लावायचे. पुस्तक कुणी उघडलंच नाही. मी राजधानीत नद्यांचं शास्त्र शिकायला गेले, तेव्हा जुन्या पुस्तकांच्या बाजारात मला त्याची एक प्रत मिळाली. परतीच्या गाडीत मी ती वाचून काढली आणि उतरल्यावर पुन्हा पहिल्यापासून वाचली.

सिनेमात एर्मेक नदी पार करतो. कादंबरीत तो परत फिरतो.

कादंबरीत ऐन उन्हाळा आहे, दुपार कलली आहे. वरचा बर्फ सकाळपासून वितळतोय आणि ते पाणी आता उतारापर्यंत पोचलंय. ‘पाणी घोड्याच्या छातीला लागलं आणि एर्मेकला ऐकू आलं, खाली दगड चालत होते.’ हे वाक्य वाचून माझ्या अंगावर काटा आला, कारण ते शब्दशः खरं आहे. झिंदीसू दुपारनंतर तळातले दगड घेऊन निघते. तो आवाज कानाला कमी आणि पोटाला जास्त ऐकू येतो. त्या दगडांत घोड्याचा पाय सापडला तर तो काडीसारखा मोडतो. हे मला चार वर्षांच्या शिक्षणानंतर समजलं होतं आणि लेखकाने एका ओळीत लिहून ठेवलं होतं.

सिनेमा मात्र शरद ऋतूत काढलाय. स्वाराच्या मागचे पॉप्लर वृक्ष पिवळे आहेत, सावल्या सकाळच्या आहेत आणि पाणी घोड्याच्या गुडघ्याच्या वर जात नाही. ढोल इतक्या जोरात वाजतात की पाणी किती आहे हे कुणी बघतच नाही.

दुसरा फरक डोळ्याचा. सिनेमात एर्मेकचा डोळा वरच्या गावचा स्वार चाबकाने फोडतो. कादंबरीत एर्मेक हात हलवत काठावर परत येतो आणि सगळ्या गावासमोर त्याचा बापच त्याच्या तोंडावर चाबूक ओढतो. डोळा त्यात जातो. बोरोन्चूला एकच डोळा होता. सिनेमा पहिल्यांदा गावात दाखवला तेव्हा तो पुढच्या रांगेत बसून रडला, असं सांगतात. आनंदाने रडला, असंही सांगतात.

वसंतात मी ते पुस्तक घरी आणलं. माझा धाकटा भाऊ एल्दियार तबेल्यात घोड्याला खरारा करायचा आणि मी गवताच्या गंजीवर बसून त्याला वाचून दाखवायचे. तो ऐकता ऐकता खरारा थांबवायचा.

“एजे, म्हणजे तो पळाला?” त्याने विचारलं. आमच्याकडे मोठ्या बहिणीला एजे म्हणतात.

“पळाला नाही. मागे फिरला.”

“फरक काय?”

“पळणाऱ्याला आपण कशाला घाबरलो ते माहीत नसतं. याला माहीत होतं.”

दारात आके उभे होते. कधीपासून, ते आम्हाला कळलं नाही. त्यांनी पुस्तक माझ्या हातून ओढलं, उलटं करून नाव बघितलं आणि चाबकाच्या लाकडी मुठीने माझ्या खांद्यावर असा तडाखा दिला की माझी बोटं बधिर झाली. एल्दियार मध्ये आला, तर त्याला त्यांनी छातीला धरून खांबावर आपटलं. घोडा बिथरून लाथा झाडायला लागला.

“आमच्या माणसाला पळपुटा म्हणणारा कागद माझ्या छपराखाली नको!”

“आके, तुम्ही वाचलंय का ते?” एल्दियार श्वास घेत म्हणाला.

“मला वाचायची गरज नाही. मी पाहिलंय.”

घरात आपा, म्हणजे आमची आई, पिठाच्या हातांनी चुलीपाशी बसली होती. आकेंनी तिला बाजूला सारलं आणि पुस्तक विस्तवात टाकलं. पुठ्ठा आधी फुगला, मग काळा झाला. शेवटचं प्रकरण मी एल्दियारला अजून वाचून दाखवलं नव्हतं.

आकेंचा राग कुठून येतो ते मला ठाऊक होतं. वरच्या गावात सिनेमा कुणाला आवडत नाही, कारण त्यात डोळा फोडणारा त्यांचा आहे. त्यांच्याकडे खरी हकीकत तोंडोतोंडी चालत आलीय आणि ते आमच्या घराला ‘परतफिरे’ म्हणतात. गाईगुरं पाण्यावर नेताना म्हणतात, लग्नात म्हणतात. आकेंना लहानपणापासून हे ऐकावं लागलं. त्यावर त्यांच्याकडे एकच उत्तर होतं, ते पोस्टर.

त्याच उन्हाळ्यात सिनेमाला साठ वर्षं झाली. गावप्रमुख तुर्दुबायने ठरवलं की मोठा उत्सव करायचा, वरचं गाव विरुद्ध आमचं खालचं गाव असा उलाक, म्हणजे घोडेस्वारांचा खेळ, खेळायचा आणि तोही सिनेमातल्यासारखा. बकऱ्याचं धड अलीकडच्या मैदानातून उचलायचं, उतार ओलांडून पलीकडच्या काठावरच्या खड्ड्यात टाकायचं. आमच्याकडून एल्दियार उतरणार, हे कुणाला ठरवावं लागलंच नाही. वरच्या गावाकडून शायलो.

शायलो एल्दियारच्याच वयाचा, रुंद छातीचा, सतत हसणारा. गावाबाहेरच्या हौदावर दोघांची गाठ पडली तेव्हा मी तिथेच होते.

“काय रे परतफिऱ्या, घोड्याला पोहायला शिकवलंस की नाही?”

“तू आधी तुझ्या घोड्याला माझी शेपटी बघायला शिकव. दिवसभर तीच दिसणार आहे त्याला.”

“शेपटी कुठली, तोंड दिसेल की! तुमचे घोडे नदी दिसली की तोंड इकडेच करतात.”

एल्दियारने हौदातलं पाणी त्याच्या अंगावर उडवलं. शायलोने घोडा आडवा घातला आणि चाबूक त्याच्या पाठीवर ओढला. एल्दियारने त्याला कमरेला धरून खोगिरावरून खाली खेचलं. चिखलात लोळत दोघांनी एकमेकांना असे गुद्दे मारले की शायलोचा ओठ फाटला आणि एल्दियारच्या नाकातून रक्त आलं. म्हातारे हौदावर बसून सूचना देत होते. मग दोघं उठले, एकाच हौदात तोंडं धुतली आणि शायलो रक्त थुंकत म्हणाला, “मैदानात भेटू. तुझ्या एजेला सांग, शास्त्र घेऊन काठावर थांब. बुडणाऱ्यांची मोजणी कर.”

“तुझ्यापासूनच सुरू करते,” मी म्हणाले. तो मोठ्याने हसला. माझं ते वाक्य मला अजून आठवतं.

मी तुर्दुबायकडे गेले. तो माणूस वाईट नव्हता. आमच्याकडे वडीलधाऱ्या कुणाही पुरुषाला आकेच म्हणतात. “तुर्दुबाय आके, दुपारी तो उतार उतार राहत नाही. खेळ उन्हं वर यायच्या आत संपवा. सकाळी पाणी गुडघ्याएवढं असतं.”

“बुरुल, पोरी, तू सांगतेस म्हणजे तसंच असणार. आम्ही तुला शिकायला कशाला पाठवलं? सकाळी दहाला सुरू, अकराला खलास. मग जेवण.”

ठरलं. उत्सवाच्या आदल्या दिवशी मी काठावरच्या मोठ्या धोंड्यावर लाल रंगाने एक रेघ ओढली. पाणी या रेघेला लागलं की कुणी आत उतरायचं नाही. तुर्दुबायने सगळ्यांना ती दाखवली. पोरांनी रेघेखाली बदक काढलं.

उत्सवाच्या सकाळी टीव्हीवाले सगळ्यांच्या आधी पोचले. त्यांना सिनेमातलं ते दृश्य हवं होतं, म्हणून त्यांनी एल्दियारला पांढऱ्या घोड्यावर बसवून, मांडीखाली धड देऊन, नदी पार करायला लावली. कोवळं ऊन होतं, पाणी घोड्याच्या गुडघ्याला. तो हसत गेला, पलीकडून हात हलवला. आके काठावर उभे होते. त्यांच्या चेहऱ्यावर तेव्हा जे होतं ते मी आधी कधी पाहिलं नव्हतं.

“बघितलंस?” ते मला म्हणाले. “कुठेत तुझे दगड?”

“अजून निघाले नाहीत.”

दहा वाजले आणि पाहुणा आलाच नाही. पाहुणा म्हणजे ओमुराली, सिनेमात एर्मेक झालेला नट. पोस्टरवरचा स्वार तोच. राजधानीहून निघालेली त्याची गाडी घाटात बंद पडली होती. तो पोचला तेव्हा सूर्य डोक्यावर आला होता. आणि आमच्याकडे पाहुणा आला की त्याच्यासाठी कापायचं जनावर आधी त्याच्यासमोर आणतात. तो हात पसरून आशीर्वाद देतो आणि मगच सुरी लागते. आधी कापून ठेवणं म्हणजे पाहुण्याला शिळं वाढणं. ओमुरालीसाठी घोडी कापायची होती. घोडीचं मांस शिजायला अर्धा दिवस लागतो.

मी तुर्दुबायचा हात धरला. “आता खेळ सुरू करा. जेवण मागाहून.”

“काय बोलतेस? एवढ्या लांबून आलेल्या माणसाला उपाशी बसवून आपण घोडे पळवायचे? उद्या सगळं खोरं आपल्या तोंडात शेण घालेल.”

“मग खेळ उद्या ठेवा.”

“उद्या टीव्हीवाले नाहीत.” तो माझी नजर चुकवत म्हणाला. “पाणी थोडं वाढेल, एवढंच ना? सकाळी पोराने पार केलीच की.”

घोडीला आणलं. ओमुरालीने सुरकुतलेले तळवे पसरले, पुटपुटला, चेहऱ्यावरून हात फिरवला. घोडीला आडवं पाडताना तिने एकाचा गुडघा फोडला. मग तिच्या गळ्यातून रक्त उसळलं आणि गवतावरून उताराकडे वाहत गेलं. शिजत घातलेल्या मांसाचा वास पसरला तरी मी नदीकडेच बघत होते. पाणी आधी दुधट झालं, मग मातकट.

जेवताना मानाचा वाटा वाढून झाल्यावर मी ओमुरालीच्या शेजारी जाऊन बसले. तो ऐंशीच्या पुढचा, आवाज मात्र सिनेमातलाच.

“आके, तुम्ही उतरलात तेव्हा पाणी किती होतं?”

त्याने इकडेतिकडे बघितलं आणि डोळा मिचकावला. “पोरी, माझे बूटसुद्धा भिजले नव्हते. चार माणसं बादल्या घेऊन आमच्या अंगावर पाणी फेकत होती. मला सर्दी झाली ती बादल्यांची.”

“हे आता माइकवर सांगा. माझा भाऊ उतरणार आहे. पाणी चढतंय.”

त्याचा हात थांबला. त्याने हातातलं हाड खाली ठेवलं. “ही घोडी कुणासाठी कापली? माझ्यासाठी? मी कोण? ती नदी पार करणाऱ्यासाठी कापलीय. आता मी उठून म्हणू की तो नव्हताच?”

“हो.”

“तू पुस्तक वाचलंयस,” तो म्हणाला. “मी पण वाचलं होतं. दिग्दर्शकाला विचारलं होतं, शेवट का बदलला. तो म्हणाला, परत फिरणाऱ्या माणसाला बघायला तिकीट कोण काढतं?”

मग त्याला माइकवर बोलावलं आणि तो उठला. मी त्याच्या तोंडाकडे बघत होते. तो म्हणाला, “ताशझारच्या लोकांनो, ज्या पाण्याने मला एर्मेक केलं त्या पाण्याला माझा सलाम.” टोप्या हवेत उडाल्या.

मी धोंड्यापाशी धावत गेले. लाल रेघ दिसत नव्हती. बदकही दिसत नव्हतं. मी एल्दियारला गाठलं तेव्हा तो खोगिराचा पट्टा आवळत होता.

“जाऊ नको.”

“एजे, आके बघतायत. सगळं वरचं गाव बघतंय.”

“मग खेळ, पण पाण्यात थांब आणि ऐक. एवढंच कर. ऐकू आलं नाही तर जा.”

त्याने चाबूक दातांत धरला आणि निघाला.

उलाक म्हणजे सगळ्यांनी एकाच गोष्टीवर तुटून पडायचं. बकऱ्याचं धड मैदानाच्या मध्ये टाकलं आणि चाळीसेक घोडे एकमेकांत घुसले. घोडे घोड्यांच्या मानांना चावत होते, खोगिरावर खोगीर आपटत होतं. चाबूक घोड्यांवर मारायचे असतात, पण त्या गर्दीत ते कुणावरही पडतात. आमच्या गावच्या एकाचा गुडघा दोन घोड्यांच्या मध्ये चिरडला. तो ओरडला तरी ऐकू आलं नाही. एक घोडा कोसळला आणि त्याच्यावरून तीन गेले. धुळीतून एल्दियार खोगिरावरून जमिनीपर्यंत वाकलेला दिसला. त्याने धड पकडलं. शायलोने त्याच वेळी धडाचा दुसरा पाय पकडला. दोघं घोडे दौडवत ते ओढत राहिले. धड मध्ये उसवलं, आतड्याची माळ लोंबायला लागली. शायलोने चाबकाची मूठ एल्दियारच्या मनगटावर आपटली, एकदा, दोनदा. एल्दियारने कोपर त्याच्या तोंडावर घातलं. फाटलेला ओठ पुन्हा फुटला. शायलोचा हात सुटला.

एल्दियारने धड मांडीखाली दाबलं आणि उताराकडे सुटला. मागे सगळा जमाव ओरडत होता, “बोरोन्चू! बोरोन्चू!”

पांढरा घोडा पाण्यात शिरला. पोटरी, पोट, छाती. तिथे एल्दियारने लगाम खेचला.

तो थांबला. मान जरा कलती करून थांबला. मला काठावर पाय टेकवून उभं राहूनही ते जाणवत होतं, खालून येणारी जड घरघर, जात्यात खडे पडावेत तशी. घोडा कान मागे टाकून थरथरत होता. घोड्यालाही ते पायांतून कळत होतं.

एल्दियारने घोडा वळवला.

वरच्या गावाकडून हसू फुटलं आणि पसरत गेलं. “परतफिऱ्या! परतफिऱ्या!” टोप्या, शिट्ट्या, नाचणारे घोडे. एल्दियार काठावर चढला. अंगावरून पाणी गळत होतं. त्याने धड वाळूत सोडून दिलं आणि समोरून आलेल्या शायलोला ओरडून म्हणाला, “शायलो, जाऊ नको! दगड चालतायत!”

शायलो खोगिरावरून वाकला, धड उचललं, फाटलेल्या ओठाने हसला. “दगड चालत नाहीत रे येड्या, माणसं चालतात!”

आके घोड्यावर बसून गर्दीतून पुढे आले. त्यांचा चेहरा राखेसारखा झाला होता. त्यांनी हात मागे नेला आणि चाबूक एल्दियारच्या तोंडावर ओढला. भुवईपासून गालापर्यंत कातडी उघडली. दुसरा फटका डोळ्यावर पडला. एल्दियारने हात वर केले नाहीत. तिसऱ्यासाठी हात उचलला तेव्हा मी त्यांच्या पायाला लोंबकळले. त्यांनी मला बुटाने छातीत लाथ मारली आणि मी वाळूत पडले.

तेवढ्यात काठावरून एक आवाज आला. किंकाळी नव्हती ती. शंभर माणसांनी एकदम श्वास आत घेतल्याचा आवाज होता.

शायलोचा घोडा नदीच्या मध्यावर होता. तो पुढे झेपावला आणि एकाएकी बसला, जणू कुणी खालून पाय ओढले. हाड मोडल्याचा आवाज मला ऐकू आला नाही, पण घोड्याने जे तोंड उघडलं ते मी पाहिलं. तो कलला, पाण्याने त्याला उलटं केलं, चार पाय वर आले, त्यातला एक नको तिथे वाकलेला होता. शायलो घोड्याच्या खाली होता. एकदा त्याचा हात दिसला. त्या हातात अजून बकऱ्याचा पाय होता.

एल्दियारने रक्ताने भरलेला डोळा बाहीने दाबला आणि घोडा काठाकाठाने दौडवला. वळणावर पाणी रुंद होतं, तिथे त्याने घोडा पोटापर्यंत घातला. वरच्या गावचे आणखी दोघे आले. त्यांनी मिळून शायलोला ओढून काढलं. डोक्याची एक बाजू सपाट झाली होती. त्याच्या तोंडातून पाणी आणि वाळू येत राहिली. घोडा खाली खडकाला अडकला होता, जिवंत होता. एका म्हाताऱ्याने पाण्यात उतरून त्याचा गळा चिरला. झिंदीसूला त्याचं काहीच वाटलं नाही. ती तशीच मातकट वाहत राहिली.

शायलोच्या अंत्यविधीला एल्दियार गेला. आमच्या रिवाजाने पुरुष मयताच्या तंबूपाशी घोड्यावरून आक्रोश करत येतात. तोही आला, डोळ्यावर पट्टी, “माझ्या भावा, माझ्या आधारा” असं ओरडत. शायलोचा थोरला भाऊ दारात उभा होता. त्याने एल्दियारचा लगाम धरला, त्याला खाली ओढलं आणि गळ्याला हात घातला. दोन बोटं गळ्यात रुतलेली मी पाहिली. “तू ओरडला होतास ना? मग अजून मोठ्याने का नाही ओरडलास?” असं म्हणत तो त्याला गदगदा हलवत राहिला. मग तेच हात त्याच्या खांद्यांवर आले आणि दोघं जमिनीवर बसून रडले. आके आले नाहीत.

एल्दियारचा डोळा गेला. डॉक्टरांनी नीट समजावून सांगितलं, चाबकाच्या टोकाने बुबुळ फुटलं होतं. घरी आके त्याच्याशी बोलत नव्हते. तो ताट ठेवायला वाकला की ते दुसरीकडे बघायचे. आपा दोघांच्या मधून चालायची.

पानगळ सुरू झाली तेव्हा टीव्हीवर तो कार्यक्रम लागला. तुर्दुबाय शेजारच्या खोऱ्यातल्या तीन पाहुण्यांना घेऊन आमच्याकडे बघायला आला. आकेंनी त्यांना मानाच्या जागी, पोस्टरखाली बसवलं. एल्दियार सर्वांत धाकटा, म्हणून दाराशी बसून चहा ओतत होता.

पडद्यावर पांढरा घोडा पाण्यात शिरला. पोटरी, पोट, छाती. ढोल वाजले. मग घोडा पलीकडच्या काठावर चढला आणि एल्दियारने हसत हात हलवला. पाण्यात शिरताना त्याची सावली पूर्वेला पडत होती, बाहेर पडताना पश्चिमेला. शिरला तो दुपारचा, निघाला तो सकाळचा. शायलो कुठेच नव्हता. शेवटी ओमुरालीचा सलाम, उडणाऱ्या टोप्या.

पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या. “वा! बोरोन्चूचं रक्त!” एक जण म्हणाला. “आणि डोळासुद्धा तसाच दिला पठ्ठ्याने! वरच्या गावाचा चाबूक, नाही का?”

तुर्दुबायने कपात बघितलं. आके पोस्टरखाली ताठ बसले होते. त्यांनी नाही म्हटलं नाही.

“मी पार केली नाही,” एल्दियार म्हणाला.

सगळे वळले. तो चहाची किटली हातात धरून बसला होता. आवाज अगदी साधा होता.

“मी पाण्यात थांबलो आणि परत फिरलो. पार करायला शायलो गेला आणि मेला. तो यात कुठेय, तुर्दुबाय आके? आणि डोळा वरच्या गावाने फोडला नाही.”

आकेंचा हात खाली गेला, बुटाच्या वरच्या टोकाकडे, जिथे ते चाबूक खोचतात. मी उठले. आपा चुलीपासून उठली. एल्दियार मात्र जागचा उठला नाही. उरलेल्या डोळ्याने तो आकेंकडे बघत राहिला आणि त्याने किटली खाली ठेवली, हात मोकळे असावेत म्हणून नाही, तर ती सांडू नये म्हणून.

आकेंचा हात चाबकावर तसाच राहिला. त्यांचे ओठ दोनदा हलले. मग ते बोलले, इतक्या हळू की पाहुण्यांना पुढे वाकावं लागलं.

“दगड चालत होते का?”

चुलीत गेलेलं शेवटचं प्रकरण माझ्याशिवाय या घरात कुणाला ठाऊक नव्हतं, असं मी समजत होते. त्याच्या शेवटच्या पानावर मरायला टेकलेला बाप एका डोळ्याच्या मुलाला जवळ बोलावतो आणि नेमका हाच प्रश्न विचारतो, याच शब्दांत. सिनेमात तो प्रसंगच नाही. पुस्तक त्या प्रश्नावर संपतं. मुलाचं उत्तर लेखकाने लिहिलेलं नाही.

“चालत होते, आके,” एल्दियार म्हणाला.